उघड्या डोळ्यांचा बुद्ध

महाड किंवा पोलादपूर तालुक्यातल्या बौद्धवाडीतलं घर. दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर दोन तसबिरी असतात, एक बाबासाहेबांची आणि एक बुद्धाची. वर निळी किंवा पांढरी प्लास्टिकच्या फुलांची माळ, कधी बारीक दिव्यांची लडी. बाबासाहेबांची तसबीर कॅमेऱ्यातून आलेली असते. बुद्धाची अर्थातच नाही. तो कुणीतरी रंगवलेला असतो, रंगवणाऱ्याचं नाव कुठेही नसतं आणि ते कुणी विचारतही नाही. चेहरा गुळगुळीत, चीवर केशरी-पिवळं, डोक्यामागे तेजोवलय, मागे पिंपळाची पानं.

कलेतलं कळतं असं मानणारी माणसं या चित्राकडे बघून नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं असं की सारनाथच्या मूर्तीतली शांती या कॅलेंडरी बुद्धात उतरलेलीच नाही, हा मूळ शिल्पाचा गोडमिट्ट अपभ्रंश आहे. सौंदर्याचा मुद्दा म्हणून त्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण ही मोजपट्टीच चुकीची आहे. प्राचीन शिल्पावरून काढलेलं चित्र शिल्पाशी किती जुळतं, यावर त्याची किंमत ठरत नाही. चित्रकारानं शिल्पात काय बदललं आणि का बदललं, यावर ती ठरते. या कसोटीवर घासलं तर भिंतीवरच्या बुद्धचित्रांचा एक प्रकार फार मोठ्या योग्यतेचा ठरतो. त्या प्रकारात बुद्धाचे डोळे मिटलेले किंवा अर्धोन्मीलित नसतात. ते सताड उघडे असतात.

जरा लांबून सुरुवात करतो. रोममध्ये व्हॅटिकनच्या संग्रहालयात अपोलोची एक संगमरवरी मूर्ती आहे, ‘अपोलो बेल्व्हेडेअर’. ती मुळातच प्रत आहे. ग्रीकांची मूळ कांस्यमूर्ती हरवली, रोमनांनी दगडात उतरवलेली उरली. अठराव्या शतकात योहान विंकेलमान या जर्मन पंडितानं तिला प्राचीन कलेतला परमोच्च आदर्श ठरवलं आणि मग युरोपातल्या कलाशाळांतून तिच्या प्लास्टरच्या प्रती ठेवल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ते नाक, ते कपाळ, कपाळावरची ती केसांची गाठ घोटत बसले. १९१४ मध्ये जॉर्जो दे किरिको या चित्रकारानं त्या अपोलोचं मुंडकं एका चित्रात भिंतीवर टांगलं. त्याच्या शेजारी खिळ्यानं ठोकलेला लाल रबरी हातमोजा आणि खाली एक हिरवा चेंडू. चित्राचं नाव ‘प्रेमगीत’. तो हातमोजा तिथे का, याचं उत्तर कुणालाही धड देता आलेलं नाही. पण पूजेला लावलेली ती मूर्ती त्या हातमोज्याशेजारी एकदम अनोळखी आणि एकटी दिसू लागली. रने माग्रित या बेल्जियन चित्रकारानं हे चित्र छापील प्रतीत पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं त्यानंच सांगितलं आहे. छापील प्रतीत! छापील चित्राला हसणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. दे किरिकोच्या चारशेहून अधिक वर्षं आधी बोत्तिचेल्लीनं एका हातानं छाती झाकणाऱ्या व्हीनसच्या प्राचीन मूर्तींची ढब उचलली आणि तिला शिंपल्यावर उभं करून समुद्रावरून किनाऱ्याला आणलं. मूर्तीशी जुळत नाही म्हणून त्याला आजवर कुणी नापास केलेलं नाही.

आता या अपोलोचा महाडशी काय संबंध? आहे, आणि तो एका गाजलेल्या भांडणातून आलेला आहे.

बुद्धाचं समकालीन चित्र किंवा शिल्प एकही नाही. त्याच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे पाचशे वर्षं त्याला माणसाच्या रूपात दाखवायची रीतच नव्हती. सांचीच्या तोरणांवर तो पावलांच्या ठशांत आहे, रिकाम्या आसनात आहे, बोधिवृक्षात आहे. भाजे-कार्ल्याच्या मूळ चैत्यगृहांत स्तूप आहे, मूर्ती नाही. (चेहऱ्यावाचून एवढं अडत नाही, हे आपल्याला पोलादपूरजवळच्या उमरठमध्येही कळतं. तानाजी मालुसऱ्यांचं अस्सल समकालीन चित्र नाही, पण तिथे येणाऱ्या पोराटोरांना तानाजी कसा दिसत होता हे छातीठोक माहीत असतं.) इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात, कुषाणांच्या काळात, बुद्धाला माणसाचा देह मिळाला आणि तो दोन ठिकाणी जवळपास एकाच सुमाराला मिळाला, वायव्येला गांधारात आणि इकडे मथुरेत. गांधारच्या बुद्धाचे केस लाटालाटांचे, माथ्यावर बांधलेली गाठ, चीवराला रोमन वस्त्रासारख्या जड चुण्या. आल्फ्रेद फूशे या फ्रेंच विद्वानानं ठामपणे मांडलं की बुद्धमूर्तीची कल्पनाच ग्रीकांकडून आली, अपोलोच्या साच्यातून बुद्ध निघाला. भारतीयांना देव घडवता येत नव्हता, तो आम्ही घडवून दिला, असा त्या मांडणीचा सूर होता आणि तो त्या काळच्या साहेबी मनाला फार मानवला.

याला सडेतोड उत्तर दिलं कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामींनी. बुद्धमूर्तीच्या उगमावरचा त्यांचा दीर्घ निबंध अमेरिकेतल्या ‘आर्ट बुलेटिन’ या नियतकालिकात जून १९२७ मध्ये आला. मथुरेची मूर्ती इथल्या यक्षमूर्तींच्या परंपरेतून आली, तिला अपोलोची गरज नव्हती, हे त्यांनी दाखवून दिलं.

जून १९२७. त्याच्या तीन महिने आधी, २० मार्चला, महाडात चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं होतं. सहा महिन्यांनी, २५ डिसेंबरला, महाडातच मनुस्मृती जळणार होती. कुमारस्वामींना महाडची खबर असण्याचं कारण नाही आणि महाडात जमलेल्या माणसांना ‘आर्ट बुलेटिन’शी काही देणंघेणं नव्हतं. तरी एकाच वर्षात एकीकडे बुद्धाचा चेहरा कुणाच्या मालकीचा यावर वाद चालला होता आणि दुसरीकडे सार्वजनिक तळं कुणाच्या मालकीचं यावर माणसांची डोकी फुटत होती. हे निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यायला माझं मन घेत नाही, कारण पुढे हे दोन्ही धागे एकाच माणसाच्या हातात आले.

मनुस्मृती जिथे जळली त्या डिसेंबरच्या परिषदेनंतर बाबासाहेब सहकाऱ्यांसह महाडजवळची बौद्ध लेणी पाहायला गेले आणि तिथून रायगडावर गेले, हे धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. महाडच्या वेशीवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून असलेल्या डोंगरात गांधारपाल्याची लेणी आहेत. इथल्या ब्राह्मी लेखात कुमार काणभोज विष्णुपालित यानं लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची टाकी दान दिल्याची नोंद आहे. पाण्याच्या टाक्यांचा उल्लेख दानलेखात असणं कोकणात नवलाचं नाही, पण महाडच्या संदर्भात तो वाचताना माणूस थबकतो. भिक्षूंना पाणी मिळावं म्हणून डोंगर कोरणारं गाव हेच, आणि माणसांनी तळ्यातलं पाणी प्यायलं म्हणून ते तळं पंचगव्यानं ‘शुद्ध’ करणारं गावही हेच.

बहुतेक लेणी साधी आहेत, नुसत्या खोल्या, दगडी ओटे, चौकटी. त्यातल्या मोठ्या लेण्यात मागच्या गाभाऱ्यात बसलेला बुद्ध आहे, दोन्ही बाजूंना चवरीधारी. लेणी आधीची आणि ही मूर्ती नंतरच्या शतकांतली. म्हणजे ज्या जागी मूर्तीवाचून पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं, तिथे मागाहून आलेल्या लोकांना चेहरा हवासा वाटला आणि त्यांनी तो कोरून घेतला. अजिंठ्यातही हेच दिसतं. दहाव्या लेण्यातल्या सर्वांत जुन्या चित्रांत बुद्ध माणसाच्या रूपात नाही, त्याच लेण्याच्या खांबांवर पुढच्या काळातल्या चित्रकारांनी मात्र बुद्धच बुद्ध रंगवले. मूळ कलाकृतीत फेरफार करणं हे धाडस आजच्या कॅलेंडर छापणाऱ्यांनी पहिल्यांदा केलेलं नाही.

पाऊस ओसरल्यावर सकाळच्या वेळी गांधारपाल्याच्या त्या मूर्तीसमोर थोडं बसून बघा. प्रकाश समोरून सरळ पडत नाही, बाजूनं येतो. गालाची गोलाई कळते, खांद्याची उतरण कळते, पण चेहऱ्याचे बारकावे झिजलेले. पापणी कुठे संपते आणि डोळा कुठे सुरू होतो, हे बोट फिरवल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि बोट फिरवू नये. हा बुद्ध बघतो आहे की ध्यानात आहे, हे दगड सांगत नाही. ते बघणाऱ्यानं ठरवायचं.

मथुरेच्या आणि सारनाथच्या कारागिरांनी मात्र ते आपापल्या परीनं ठरवलेलं होतं. मथुरेच्या संग्रहालयात कटरा टेकडीवर सापडलेला कुषाणकालीन बुद्ध आहे. धट्टाकट्टा, उजवा हात अभयमुद्रेत, ओठांवर हसू आणि डोळे टक्क उघडे. इथल्या मातीतल्या पहिल्या बुद्धांपैकी हा एक, आणि तो समोरच्या माणसाकडे थेट बघतो. पुढे पाचव्या शतकात, गुप्तकाळात, सारनाथला चुनारच्या वालुकाश्मात ती जगप्रसिद्ध मूर्ती घडली, धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतली. १९०४-०५ च्या उत्खननात ती ओर्टेल या अभियंत्याला सापडली. तिचे डोळे खाली झुकलेले, जवळपास मिटलेले. तिची ख्याती एवढी पसरली की बुद्ध म्हटलं की डोळे मिटलेलेच हवेत, असा समज रूढ झाला. शांती म्हणजे मिटलेले डोळे, हे समीकरण तिथलं.

बाबासाहेबांनी उतारवयात चित्रकलेचे धडे घेतले होते, हे त्यांच्या सहवासातल्या माणसांनी लिहून ठेवलं आहे. त्यांनी काढलेलं म्हणून एक बुद्धचित्र आंबेडकरी घरांतून आदरानं लावलं जातं आणि त्यातल्या बुद्धाचे डोळे उघडे आहेत. हे जगातलं उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचं पहिलं चित्र, असं भाषणांतून ऐकायला मिळतं. ते खरं नाही, मथुरेचा बुद्ध अठराशे वर्षांपूर्वीपासून डोळे उघडून बसला आहे. सिंहलद्वीपात तर मूर्तीचे डोळे रंगवणं हा स्वतंत्र विधीच आहे. कारागीर मूर्तीकडे पाठ करून, आरशात बघत, सगळ्यांत शेवटी बुबुळं रेखतो. पण ‘पहिलं’ नसल्यानं या चित्राचं काही बिघडत नाही. उलट त्याचं मोल वाढतं. सारनाथच्या मूर्तीचा दरारा असताना तिच्याशी असहमत होऊन डोळे उघडणं आणि नकळत इथल्याच त्याहून जुन्या परंपरेला जाऊन मिळणं, ही साधी गोष्ट नव्हे.

हा चित्रकाराचा लहरी बदल नव्हता, हे बाबासाहेबांचा शेवटचा ग्रंथ वाचल्यावर पटतं. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची परंपरागत गोष्ट त्यांनी बाजूला सारली. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून एकोणतीस वर्षांच्या माणसाला एकाएकी वैराग्य आलं, हे त्यांना पटेना. एवढ्या वयापर्यंत त्यानं या गोष्टी पाहिल्याच नव्हत्या का? त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो, शाक्यांचा संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोधात उभा राहतो, त्याचं म्हणणं मतदानात पडतं आणि तो घर सोडतो. पाण्यावरून तंटा! महाडच्या वाचकाला याची फोड करून सांगायला नको. बुद्धाला घराबाहेर काढणारं कारण डोळे मिटून सापडणारं नव्हतं, उघड्या डोळ्यांनी गावातलं भांडण बघून सापडणारं होतं. ग्रंथात त्यांनी कथेशी जे केलं तेच चित्रात मूर्तीशी केलं. दोन्हीकडे एकच हात चाललेला आहे.

त्या आधी, २५ डिसेंबर १९५४ ला, मनुस्मृती दहनाला बरोबर सत्तावीस वर्षं झाली त्या तारखेला, बाबासाहेबांनी पुण्याजवळ देहूरोडला रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बसवली. म्हणजे सारनाथ हा एकच साचा त्यांच्यापुढे नव्हता. त्यांनी निवड केली होती.

सारनाथच्या मूर्तीवर मात्र अन्याय होऊ नये. तिचे झुकलेले डोळे म्हणजे जगाकडे पाठ, हा आरोप मला मान्य नाही. त्या मूर्तीच्या पीठावर खाली बसलेले शिष्य कोरलेले आहेत. ती उंचावर आणि ऐकणारा पायाशी, अशा मांडणीत ती झुकलेली नजर नेमकी ऐकणाऱ्यावर पडते. पायाशी बसलेल्याच्या दृष्टीनं तो बुद्ध त्याच्याकडेच बघतो आहे. म्हणजे प्रश्न डोळे उघडे की मिटलेले एवढाच नाही. कोण कुठे उभं आहे, हा प्रश्न आहे.

आणि म्हणूनच आपल्या घरांतली भिंत बघावी लागते. कोकणातल्या घरात तसबीर उंच, वाशाच्या खाली, मागून दोरी बांधून जराशी पुढे कललेली लावतात. तिच्या बरोबर समोर दार, दाराबाहेर पडवी, पडवीपुढे वाट. अर्धोन्मीलित डोळ्यांचा बुद्ध त्या जागेवरून खाली, पाया पडणाऱ्याकडे बघतो. उघड्या डोळ्यांचा बुद्ध पाया पडणाऱ्याच्या डोक्यावरून सरळ दाराबाहेर, वाटेकडे बघतो. पाया पडून मान वर केली की त्या नजरेमागे आपणही वळून बघावं, असं वाटतं. ज्या वाडीला गावाच्या वाटेवरून चालताना पिढ्यान्‌पिढ्या खाली मान घालायला लावली, त्या वाडीत ही नजर आली. चित्रकारानं दोन पापण्या वर उचलल्या, बाकी जवळजवळ सगळं तेच ठेवलं आणि तसबिरीचा रोख बदलला. दे किरिकोला हातमोजा लागला, इथे तेवढंही लागलं नाही.

यावर एक आक्षेप येतोच. बदललं म्हणजे मोठं झालं, असं असेल तर हॉटेलांतून, स्पामधून, फ्लॅटच्या जिन्याखाली ठेवलेली बुद्धाची मुंडकी पण मोठी कला म्हणायची का? तिथेही बदल आहेच. नुसतं डोकं, कधी सोनेरी, कधी हिरवं, बाजूला पाण्याचा छोटा पंप आणि गोटे. माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे. धडावेगळं बुद्धमस्तक ही कल्पना शिल्पकारांनी दिलेली नाही. ती मूर्ती फोडून, डोकं वेगळं करून विकणाऱ्या बाजारानं दिलेली आहे, कारण अख्ख्या मूर्तीपेक्षा डोकं जहाजात घालायला सोपं. सजावटवाल्यांनी ती तोडफोडच शैली म्हणून उचलली. त्यात मूळ मूर्तीला विचारलेला प्रश्न कुठलाच नाही, तिच्या शांतीवर ताव मारणं आहे. मिटलेले डोळे त्यांना हवेच असतात, कारण गिऱ्हाइकाकडे बघणारा बुद्ध मसाज घेताना अडचणीचा. एम. एफ. हुसेन यांच्याशी ताडून पाहा. पंढरपूरला जन्मलेला हा माणूस १९४८ मध्ये दिल्लीला प्राचीन भारतीय कलेच्या प्रदर्शनाला गेला, मथुरेची आणि गुप्तकाळातली शिल्पं बघून हादरला आणि त्यांतली देहाची वळणं आपल्या खेडूत बायाबापड्यांच्या चित्रांत घेऊन आला. घेणं आणि ओरबाडणं यांत फरक आहे आणि तो डोळ्यांना कळतो.

दुसरी तक्रार मात्र माझी स्वतःची आहे आणि ती आपल्याच वाड्यांबद्दल आहे. उघड्या डोळ्यांचा बुद्ध हळूहळू भिंतीवरून उतरतो आहे. जुलै २०२१ च्या पुरात महाडात घरादारांतून पाणी शिरलं, चिखलानं कितीतरी तसबिरी गेल्या. गेल्या तर गेल्या, छापील चित्राचं तेच तर बळ, दगडाची मूर्ती फुटली की संपते आणि कागद पुन्हा आणता येतो. पण पुन्हा आणताना काय आणलं जातं? बाजारात आता संगणकावर जुळवलेले बुद्ध मिळतात. मागे धबधबा, कमळं, जांभळा प्रकाश, चेहरा थायलंडच्या मूर्तीचा, डोळे घट्ट मिटलेले. जयंतीच्या फ्लेक्सवर, मोबाइलच्या सकाळच्या शुभेच्छांवर तोच. आजोबांच्या पिढीनं विचारपूर्वक उघडलेले डोळे नातवंडांच्या पिढीनं न विचारता मिटून टाकले. यात कुणाचा कट नाही, निव्वळ आळस आहे, आणि आळसाशी भांडणं कटाशी भांडण्यापेक्षा अवघड जातं.

आळस मोडायची जागा मला एकच दिसते, ती म्हणजे शाळेतला चित्रकलेचा तास. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना अजूनही तालुक्याच्या शाळांतून मुलं बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे त्यातले विषय. ही सगळी पद्धत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वाटेनं आली. १८५७ मध्ये सुरू झालेल्या त्या शाळेत युरोपातून आणलेल्या ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवून हात तयार करून घेत. त्याच शिस्तीतून गणपतराव म्हात्रे तयार झाले आणि १८९६ मध्ये त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ ही मूर्ती घडवली, नेसणं मराठी आणि देहाची ठेवण ग्रीक. ती बघून साहेब लोक चकित झाले, पुढे त्यावर वादही झाले. मुद्दा एवढाच की प्राचीन मूर्ती समोर ठेवून काढत बसणं ही जुनी आणि चांगली रीत आहे. मूर्ती कुठली समोर ठेवायची, हे मात्र आपण कधी ठरवलं नाही. वस्तुचित्राला आजही बादली, तांब्या आणि वांगी. बादलीशी माझं वैर नाही, लंबवर्तुळ तिच्यावरच शिकावं लागतं. पण अख्खं शालेय आयुष्य बादलीवर काढलेल्या मुलाला कुठलं चित्र आपल्याकडे बघतं आहे आणि कुठलं नाही, हे कसं कळणार?

महाडच्या आणि पोलादपूरच्या कलाशिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक शनिवार काढा. मुलांना पॅड, टू-बी आणि फोर-बीच्या पेन्सिली घेऊन गांधारपाल्याला न्या. सगळ्या मुलांना न्या, फक्त बौद्धवाडीतल्या नव्हे. त्या झिजलेल्या चेहऱ्यासमोर त्यांना बसवा, मूर्तीला हात लावू देऊ नका, मोबाइल दप्तरात ठेवायला सांगा. दगडात जे दिसतं ते आधी जसंच्या तसं काढू द्या. मग दुसऱ्या कागदावर, डोळे दगडात झिजून गेले आहेत तिथे, ते त्यांना स्वतःला काढायला सांगा. उघडे काढायचे की मिटलेले, हे तुम्ही सांगू नका. काढून झाल्यावर प्रत्येकाला कारण तेवढं विचारा आणि ती चित्रं वर्षभर शाळेच्या भिंतीवर लावा.